पंचमीला खणणारी

आमच्या मंडळात माझा विषय निघाला की अजून म्हणतात, 'तीच ना ती, पंचमीला खणणारी?' म्हणू देत. खणलं मी. नागपंचमीच्या दिवशी, भर सकाळी, ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या पंचवीस-तीस बायकांच्या देखत, दोन्ही हातांनी माती उपसली. नखं फुटली, साडीचं पोतेरं झालं. ज्या दिवशी तवा ठेवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही, त्या दिवशी मी कोपरापर्यंत जमिनीत हात घातले. पाप लागायचं तर मला लागू दे. पण त्याच्या आदल्या दिवशी तिथे काय झालं होतं, ते यांतलं कोणी बोलत नाही. म्हणून मलाच बोलावं लागतंय. आणि बोलायचं तर माझी चूकही सांगावी लागेल, तिथून सुटका नाही.

मी मूळची कऱ्हाडकडची. चेन्नईत येऊन चौदा वर्षं झाली. राहते तांबरमला, नोकरी नुंगंबाक्कमच्या ऑफिसात, दिवसभर विम्याचे कागद तपासायचे. रविवार मात्र माझा. पहिल्या बसने पाऊण तास गेलं की एक एरी लागते. एरी म्हणजे इकडचा तलाव, मातीचा लांबच लांब बांध घालून अडवलेला. बांधावर ताडाची झाडं, खाली वेड्या बाभळीचं रान, पलीकडे भाताची खाचरं, आणि त्याच्याही पलीकडे, दर वर्षी थोडे पुढे सरकणारे, पिवळे दगड पुरलेले प्लॉट. तिथे मी साप, सरडे, घोरपडी बघायला जाते.

एवढं सांगितलं की समोरच्याचं तोंड वाकडं होतं. 'शी! त्यात काय बघायचं?' अहो, तुम्ही रविवारभर मॉलमध्ये फिरता, त्यात तुम्ही काय बघता ते मी विचारते का? बायका म्हणतात, भीती नाही का वाटत. पुरुष म्हणतात, पकडता का. पकडता का! सापाला शेपटीला धरून लोंबकळवायचं, मोबाइलपुढे नाचवायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं, याला हल्ली प्राणिप्रेम म्हणतात. मी पकडत नाही. मी बसते. सावली आपल्या पुढे पडणार नाही अशी जागा धरायची, दुर्बीण मांडीवर ठेवायची आणि गप्प बसायचं. अर्ध्या तासाने रान आपल्याला विसरतं. मग पाण्याकडेच्या दगडावर दिवड येऊन अंग शेकते. गळ्याला निळा-केशरी पंखा असलेला बोटभर सरडा ढेकळावर चढून तो पंखा उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो, समोर मादी असो नसो. बांधाच्या कपारीतून धामण अशी निवांत निघते की सकाळी दूध आणायला निघालेली बाई वाटावी.

हे बघायला मला शिकवलं अक्काने. अक्का म्हणजे थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणते, ती मला तंगच्ची, धाकटी बहीण. साठीची असेल. बांधाच्या पायथ्याशी सात-आठ झोपड्या आहेत इरुळ लोकांच्या, त्यांतली एक तिची. तिच्या आज्या-पणज्यांपासून हे लोक साप पकडत आले. आता ती भाताच्या खाचरांतले उंदीर काढते. हातात कायम एक आखूड पहार. आमचं बोलणं तमिळमध्ये, म्हणजे तिचं खरं तमिळ आणि माझं मोडकंतोडकं. पहिल्या दिवशी मी एका बिळासमोर दुर्बीण लावून तासभर बसले होते. ती मागून आली, बिळाच्या तोंडाशी वाकली आणि हसली. तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जाळं असलं की घर रिकामं, एवढंही तुला कळत नाही, असं तिने मला ऐकवलं. बारा वर्षांची शाळा, चार वर्षांचं कॉलेज, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ती शिकवत गेली. बिळाच्या कडा धारदार असतील तर कोणीतरी आजच गेलंय. कात खडबडीत जागी अडकलेली असली तर साप जवळच आहे, म्हणून पाऊल जपून. धुळीत मधोमध एक रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ठसे दिसले की घोरपड, रेघ तिच्या शेपटीची.

आणि घोरपड म्हणजे आमचा मराठी माणूस! त्याच्यापुढे हा शब्द काढायची खोटी, लगेच तिच्या कमरेला दोर बांधून गड चढायला निघतो. मंडळात मी एकदा बोलून बसले, तर तिघांनी मला तोच प्रसंग ऐकवला, आणि तिघांपैकी एकानेही जन्मात घोरपड पाहिली नव्हती. 

ज्या पंचमीबद्दल सांगते आहे, त्या वर्षी आषाढात अक्काने मला जे दाखवलं, ते फार थोड्यांनी पाहिलं असेल. बांधाच्या टोकाला दोन वारुळं होती. एक मोठं, माणसाच्या छातीइतकं, शिखरं-शिखरं असलेलं, बघताच हात जोडावेत असं. दुसरं त्याच्यापासून दहा पावलांवर, बाभळीच्या काट्यांत, गुडघ्याएवढं, बसकं, मातीचा ढिगारा म्हणून कोणीही ओलांडून जाईल. त्या बसक्या वारुळाच्या कुशीत एक घोरपड खणत होती. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी उडवायची, थांबायचं, मान वर करून जीभ लपलपवायची, पुन्हा खणायचं. आम्ही दोघी बांधाआड पालथ्या पडून बघत होतो. माझ्या कोपरांना मुंग्या चावत होत्या आणि मी हललेसुद्धा नाही. शेवटी ती आत गेली, नुसती शेपटी बाहेर राहिली. बऱ्याच वेळाने निघाली तेव्हा पोट खपाटीला गेलेलं. मग तिने भोक बुजवलं, नाकाने माती दाबली. आणि गंमत पुढेच आहे. ती तशीच गेली नाही. चार पावलांवर तिने आणखी एक खड्डा उकरला. मग पलीकडे तिसरा. त्यांत काही ठेवलं नाही, बुजवल्यासारखं केलं आणि मग निघून गेली.

हे खोटे खड्डे, अक्का म्हणाली. मुंगूस येतं, कोल्हं येतं, त्यांनी खोट्या जागी उकरत बसावं म्हणून. मी त्या जनावरावर खूश झाले. काय डोकं! अंडी आता सात-आठ महिने त्या वारुळात राहणार होती. वाळवी आतली ऊब आणि ओल राखते, आईने परत यायचीही गरज नाही.

अक्काने तेव्हा माझ्याकडून वचन घेतलं. ही जागा कोणाला सांगायची नाही. तिचं कारण साधं होतं. घोरपडीच्या मांसाला आणि तेलाला गिऱ्हाईक आहे. मोटारसायकलवरून माणसं येतात, कुत्री घेऊन येतात, आणि घोरपड नाहीशी झाली की झडती कोणाच्या झोपडीची होते? अक्काच्या. आधीच्या वर्षी असंच झालं होतं. वनखात्याच्या लोकांनी तिची मडकी फोडून बघितली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, नाही सांगणार. ते वचन मी पाळलं. तीच तर माझी चूक झाली.

श्रावण जवळ आला तशी आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना पंचमीची उमेद आली. मंडळ म्हणजे तांबरमच्या आसपासची शे-दीडशे घरं. निम्मे आमच्यासारखे, गाड्यांच्या कारखान्यांत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये आलेले, आणि काही घरं तंजावरची, दोन-तीनशे वर्षं इकडेच मुरलेली. दर वर्षी हॉलमध्ये पाटावर गंधाने नाग काढायचा आणि पूजा करायची. यंदा बाईंना खरं वारूळ हवं होतं. आपल्या गावी कशा बायका गाणी म्हणत वारुळाला जायच्या, मुलींना ते कधी दिसणार, असं त्या मीटिंगमध्ये बोलल्या. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते हवंसं वाटलं. माझी आई जायची तशी. मी तिच्या पदराला धरून लाह्या खात जायचे. आणि मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. 'तू जातेस ना गं त्या रानात? तुला ठाऊक असेल की एखादं वारूळ.'

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. जी बाई एरवी 'सापवाली' म्हणून थट्टेचा विषय, तिच्याकडे पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी मागत होतं. मी फुशारले. आणि मला वाटलं, आपण हुशार आहोत. मोठं वारूळ मी दाखवू शकत होते. त्याच्या सगळ्या भोकांवर जाळी होती, म्हणजे कोणी राहत नव्हतं, कोणाचं काही बिघडणार नव्हतं. सगळ्यांचं लक्ष मोठ्या वारुळावर राहील, लहानाकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. घोरपडीचा खोटा खड्डा! मी मनातल्या मनात तिचे आभारसुद्धा मानले.

बाईंना घेऊन गेले. मोठं वारूळ पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूला बघून त्यांनी विचारलं, इथे आणखी काही आहे का. मी म्हटलं, नाही, नुसती काट्याची झाडी. त्या वेळी लहान वारूळ माझ्या पाठीमागे होतं. त्यांना ते दिसू नये म्हणून मी मुद्दाम तशी उभी राहिले होते.

पंचमी शुक्रवारी होती. मी रजा टाकली, नऊ वाजता सगळ्यांबरोबर मिनीबसमधून उतरले, आणि बांधाच्या वळणावरूनच मला दिसलं की काहीतरी चुकलंय. बांधाचं टोक उजळ दिसत होतं. तिथे इतकं ऊन कधीच नसायचं. जवळ गेले तर बाभळीचं रान गेलेलं. जमीन ताटासारखी सपाट. तिच्यावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे, चाकांचे पट्टे. त्यावर लाल गालिचा, प्लास्टिकच्या खुर्च्या, कापडी मांडव. मधोमध मोठं वारूळ, झेंडूच्या माळा घालून नटवलेलं.

मी विचारलं, हे कोणी केलं? सेक्रेटरीबाई कौतुकाच्या अपेक्षेने हसल्या. कोणाच्या तरी ओळखीचा कंत्राटदार होता, त्याने काल मशीन पाठवलं. म्हाताऱ्या बायका काट्यांतून कशा येणार, मुलांच्या पायात काटे मोडतील. आणि मग त्या अगदी समजावणीच्या सुरात म्हणाल्या, 'मी त्याला बजावलं होतं, जे काय खणायचं ते चतुर्थीलाच उरकून घे. पंचमीला मातीला हात लावलेला चालत नाही.'

माझ्या डोक्यात सणक गेली. चालत नाही! का चालत नाही, ते कधी कोणी विचारलं का? त्या दिवशी जमिनीतल्या जिवाला नांगराचा फाळ लागू नये, म्हणून. कोणा शहाण्या बाईने कधीकाळी घातलेला नियम असेल. आणि आमच्या लोकांनी काय केलं? नियम पाळला. तंतोतंत पाळला. आज विळीवर काकडीसुद्धा चिरायची नाही, दिंडं वाफवायची, तळायचं नाही. आणि काल सगळं रान खरवडून टाकलं. जणू जमिनीतला जीव चतुर्थीला कुठे परगावी जातो.

मी गालिच्याचा कोपरा शोधत सुटले. मोठ्या वारुळापासून दहा पावलं. मोजली. तिथे खुर्च्यांची पहिली रांग होती, खुर्च्यांवर बायका. मी त्यांना उठा म्हटलं. कोणी उठेना. मग मी ओरडले असेन, कारण सगळ्या एकदम उठल्या. मी गालिचा गुंडाळून फेकला आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती ओढायला लागले. मागून गलका झाला. अगं, आज पंचमी, काय करतेस, वेड लागलं का. एकीने माझा दंड धरला. मी तिला झटकलं. मला ते शोभलं नाही, ठाऊक आहे.

तेवढ्यात पहारीचं टोक माझ्या हातांशेजारी टेकलं. अक्का आली होती. काल मशीन आलं तेव्हा ती दूर खाचरांत होती, परत आली तेव्हा सगळं संपलेलं. माझा नंबर तिच्या फोनमध्ये आहे, पण फोनमध्ये बोलायला पैसे नव्हते. तिने मिस्ड कॉल दिला होता. मी तो संध्याकाळी पाहिला आणि म्हटलं, रविवारी भेटणारच आहोत. हेही माझंच.

अक्का माझ्या शेजारी बसली. पहारीने हलकेच मातीचे थर सोडवत गेली, मी उपसत गेले. वीतभर खाली ओलं लागलं. मग पिवळं. घोरपडीचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. लांबट, पांढरं, कातडी पिशवीसारखं. चाकाखाली ते फुटत नाही, पिचतं. एकमेकांना चिकटून गेली होती. काहींच्या आत रक्ताच्या रेघा होत्या, केसासारख्या. म्हणजे जीव धरला होता. मी एकेक बाजूला ठेवत गेले. पंधरा झाली. एका मुलीने 'आई, ते काय आहे?' असं विचारलं आणि तिच्या आईने तिचे डोळे झाकले. का झाकायचे? बघू दे की तिला.

सगळ्यात खाली, एका दगडाच्या आडोशाला, चार अखंड निघाली. मी हात घालणार तोच अक्काने माझं मनगट पकडलं. मागे वळून ती पूजेच्या ताटाकडे गेली, कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं आणि आली. चारही अंड्यांना, होती तिथेच, वरच्या बाजूला एकेक बोट लावलं. बायकांना वाटलं ही पूजा करते आहे. दोघी-तिघींनी हातही जोडले. पूजा कसली! अंडं उचलताना फिरलं की आतला जीव गुदमरतो. कुठली बाजू वर होती, ते कळावं म्हणून ती खूण. मग तिने ती एकेक करून आपल्या पदरावर घेतली, लाल ठिपके आकाशाकडे.

आता ठेवायची कुठे? वारूळ एकच उरलं होतं. अक्का सरळ मोठ्या वारुळाकडे गेली, झेंडूची माळ वर सरकवली आणि कुशीत पहार घातली.

तेव्हा मात्र सेक्रेटरीबाईंचा बांध फुटला. देवाच्या अंगावर पहार, आणि तीही आजच्या दिवशी! त्यांनी मला विचारलं, ही बाई कोण. मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, 'ही लोकं तर खातात ना गं घोरपडी? आणि आम्हाला शिकवणार?'

अक्काला मराठी येत नाही, पण बोट आपल्याकडे आहे हे कळायला भाषा लागत नाही. तिने मला विचारलं, काय म्हणतात. मला सांगायची लाज वाटत होती, तरी सांगितलं. तिने पहार थांबवली नाही. खणता खणता जे म्हणाली, ते मी शब्दशः मराठीत सगळ्यांना ऐकवलं.

'खाल्ली आहे. भूक होती तेव्हा एक खाल्ली. अंड्यांवर खुर्च्या मांडून गाणी कधी म्हटली नाहीत.'

अक्काने हातभर खोल जागा केली, चारही अंडी ठिपके वर ठेवून मांडली, ओली माती भरली आणि तळहाताने थापली. मग ती झोपडीकडे गेली. तिला तिथे थांबायचं नव्हतं.

संपलं असं वाटलं तर आणखी एक राहिलं होतं. दूध. सगळ्यांच्या हातांत तांबे होते आणि ते वारुळातच ओतायचे होते. मी सांगितलं, ओतू नका, अंडी कुजतील, मुंग्या लागतील. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, दुधाने कधी कोणाचं वाईट झालंय का. चार-पाच जणी त्यांच्या बाजूने पुढे सरकल्या. मी दमले होते. हात चिखलाने भरलेले, केस सुटलेले, आणि त्या सगळ्या नीटनेटक्या. माझं कोण ऐकणार?

तंजावरकडच्या एक मामी आहेत आमच्यात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून बोलतात, नवीन लोक त्याला हसतात. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची स्वतः ओढत आणली, वारुळाच्या अगदी तोंडासमोर ठेवली आणि तिच्यात बसल्या. गुडघे दुखतात, मी इथून हलत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. तांब्या त्यांनी मांडीवर धरला होता. आता ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या डोक्यावर दूध कोण ओतणार? बायका घुटमळल्या. लांबूनच लाह्या टाकल्या, आरती झाली, आणि शेवटची बाई बसमध्ये चढेपर्यंत मामी जागच्या हलल्या नाहीत. मग तांब्यातलं दूध त्यांनी मला पाजलं.

बसमध्ये सेक्रेटरीबाई माझ्या पुढच्या सीटवर होत्या. तांबरम येईपर्यंत त्या वळल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, 'मी तुला तिथे उभी राहून विचारलं, तेव्हा तू नाही म्हणालीस. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?'

मी काहीतरी लागट बोलले. चार दिवसांनी ग्रुपवर लांबलचक मजकूर आला, परंपरेचा अपमान, मनमानी, वगैरे. मी ग्रुप सोडला. आणि आठवडाभर घरात, ऑफिसात, गाडीत मनातल्या मनात भांडत राहिले. या बायकांना काय कळतं, यांना जमीन म्हणजे फरशी वाटते, एवढं रान खरवडताना एकीच्याही मनात आलं नाही का. सगळं खरं होतं. पण बाईंचा तो प्रश्न काही केल्या गिळला जाईना.

त्याच्या पुढच्या रविवारी अक्काकडे गेले. माझी खात्री होती, ती तरी माझ्या बाजूने असेल. मी तिला सगळं सांगितलं, कशी मी मोठं वारूळ दाखवलं, कशी लहानासमोर पाठ करून उभी राहिले, कसं तिचं वचन पाळलं. ती उंदराच्या बिळात धूर सोडत होती. तिने मान वर केली.

'मारणाऱ्यांना सांगू नको म्हटलं होतं मी. पाया पडणाऱ्यांना सांगायला तुला कोणी अडवलं होतं?'

मला इतका राग आला की मी तशीच उठले आणि बस धरली. बसमध्ये रडले. कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

खोटे खड्डे मुंगसासाठी असतात. मुंगूस भुकेलं असतं, ते हुंगत हुंगत येतं, त्याला चकवावं लागतं. या बायका भुकेल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, इथे आणखी काही आहे का. 'इथे अंडी आहेत' एवढं सांगितलं असतं, तर याच सेक्रेटरीबाईंनी त्या बसक्या वारुळाभोवती दोरी बांधली असती, शेजारी माणूस बसवला असता आणि जेसीबीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मला ठाऊक होतं हे. तरी मला ते गुपित माझ्यापाशीच हवं होतं. त्यांना वारूळ दाखवणारी मी, आणि खरी गोष्ट ठाऊक असलेलीही एकटी मीच.

फाल्गुनात, एका शनिवारी सकाळी, अक्काचा मिस्ड कॉल आला. या वेळी मी रविवारची वाट पाहिली नाही.

मोठं वारूळ पावसाने थोडं खचलं होतं. माळांचे दोरे अजून लोंबत होते. कुशीत, जिथे अक्काने थापलं होतं, तिथे आतून बाहेर पडलेलं एक भोक. दोन बोटं जातील एवढं. कडा धारदार होत्या. खालच्या धुळीत एक रेघ, सुतासारखी बारीक, आणि दोन्ही बाजूंना टाचणीने टोचल्यासारखे ठसे. अक्काने बोट ओठांवर ठेवलं आणि हनुवटीने ताडाच्या बुंध्याकडे खूण केली. मला आधी काहीच दिसेना. मग बुंध्याचा एक तुकडा हलला. वीतभर पिल्लू, काळसर, अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी. डोकं वर केलं, जीभ बाहेर काढली, आत घेतली. चार नखं सालीत रुतवून ते तसंच राहिलं आणि आम्ही दोघी तशाच राहिलो. माझ्या पायाला वात आला तरी मी हलले नाही. मग ते बुंध्याच्या पलीकडे गेलं, आणि पुन्हा दिसलं नाही.

अक्का म्हणाली, एकाच पिल्लाचा माग आहे. बाकीची तीन आत असतील किंवा नसतील, आत्ता उकरून बघायचं नाही. पिवळे दगड बांधापर्यंत आले आहेत, पुढच्या श्रावणात तुझ्या बायकाही येतील. एवढं बोलून ती माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

मी बांधावर बसले आणि सेक्रेटरीबाईंना फोन लावला. सात महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी उचलला. आवाज कोरडा होता. काय काम काढलंस, म्हणाल्या.

'ताई, तुम्ही इकडे या,' मी म्हटलं. 'एक पिल्लू निघालंय. पण त्याआधी लहान वारूळ कुठे होतं, ते मला तुम्हाला दाखवायचंय.'